हाताने काढलेल्या ॲनिमेशनपटात नेमकं पाहायचं काय?

निळी_शाई

हाताने काढलेल्या चित्रपटाबद्दल बोलणं बहुतेक वेळा "चित्रं सुंदर आहेत, रंग सुरेख आहेत" इथेच संपतं. पण एवढं तर पोस्टरबद्दलही म्हणता येईल. हलणाऱ्या चित्राची म्हणून जी वेगळी कारागिरी असते ती पडद्यावर कशी ओळखायची, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

एकाच चित्रपटात काही हालचाली अगदी सलग वाटतात, तर काही तुटक. तुटक म्हणजे काम उरकलंय असं समजायचं का? मध्येच पॉज केलं की कधी कधी चेहरा भलताच ताणलेला दिसतो, हाताला सात-आठ बोटं दिसतात. ती चूक असते की मुद्दाम काढलेलं असतं? मागचं दृश्य बारकाव्यांनी भरलेलं आणि पात्रं मात्र सपाट रंगाची, असं का? आणि एखादा शॉट निवडून नीट अभ्यासायचा झाला तर सुरुवात कुठून करायची?

पुस्तकी व्याख्या नकोत, डोळ्यांनी तपासता येईल असं काही सांगा.

शिसपेन्सिल

आधी आकडे बघू, बाकीचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, म्हणजे 80 मिनिटांच्या चित्रपटात 1,15,200 फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असेल तर ते काम "वन्सवर" आहे. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर ते "टूजवर", म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. एकच पात्र सतत पडद्यावर आहे असं धरलं तरी टूजवर 57,600 चित्रं होतात. दोन पात्रं असतील तर दोघांची वेगळी.

टूज ही तडजोड आहे असा समज आहे, तो अर्धाच खरा. हळू हालचाल वन्सवर काढली तर लागोपाठच्या दोन चित्रांतलं अंतर पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी भरतं. इतक्या कमी अंतरात कोणाचाच हात अचूक राहत नाही आणि पडद्यावर रेघ थरथरायला लागते. तीच हालचाल टूजवर शांत आणि ठाम दिसते. वन्स लागतात ते पळणं, फेकणं, झटकन वळणं अशा जागी, जिथे दोन चित्रांतलं अंतर मोठं असतं.

आता खरी गोष्ट. टायमिंग म्हणजे इथून तिथे जायला किती फ्रेम लागल्या, आणि स्पेसिंग म्हणजे मधली चित्रं कुठे कुठे बसवली. या दोन गोष्टींची गल्लत झाली की काहीच नीट दिसत नाही. समजा पात्राने 12 फ्रेममध्ये मान डावीकडून उजवीकडे वळवली. टूजवर ती सहा चित्रं झाली. सगळी समान अंतरावर असतील तर मान यंत्रासारखी फिरेल. पहिली दोन-तीन चित्रं सुरुवातीच्या पोझला चिकटून असतील आणि मग एकदम मोठी उडी असेल, तर पात्र दचकून बघतंय असं वाटेल. शेवटची चित्रं शेवटच्या पोझजवळ दाटली असतील तर मान सावकाश स्थिरावेल. वेळ तीच, पहिलं आणि शेवटचं चित्र तेच, पण तीन वेगळ्या मनःस्थिती. ही निवड ॲनिमेटर "की ड्रॉइंग"च्या, म्हणजे मुख्य पोझच्या चित्राच्या, कडेला एका उभ्या रेघेवर आडव्या खुणा करून लिहून ठेवतो, म्हणजे इनबिटवीन (मधली चित्रं) काढणाऱ्याला कोणतं चित्र कुठे बसवायचं ते कळतं.

त्यातही ब्रेकडाऊन, म्हणजे दोन "की" चित्रांच्या मधलं महत्त्वाचं चित्र, मुद्दाम पाहा. मान वळताना नाक सरळ रेषेत गेलं तर वळण निर्जीव दिसतं. मधल्या चित्रात हनुवटी किंचित खाली गेली, डोळे अर्धवट मिटले, तर त्याच वळणात विचार आल्यासारखा वाटतो. सगळा अभिनय त्या एका चित्रात असतो, आणि पॉज न करता तो कधीच सुटा दिसत नाही.

पद्धत सांगतो. मध्ये कट नसलेला तीन ते पाच सेकंदांचा शॉट घ्या. आधी आवाज बंद करून पूर्ण वेगाने चार-पाच वेळा बघा. मग एकेक फ्रेम पुढे जा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ई ही कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, एमपीव्ही या प्लेअरमध्ये पूर्णविरामाची कळ पुढे नेते आणि स्वल्पविरामाची मागे. यूट्यूबवर पॉज करून याच दोन कळा चालतात. कागदावर फ्रेमचा क्रमांक लिहा आणि चित्र बदललं की खूण करा. तीन सेकंदांच्या 72 खुणा झाल्या की कुठे धरून ठेवलंय, कुठे वन्स आहेत, कुठे उडी आहे, हे आपोआप दिसतं. हातोडा मारण्याच्या शॉटमध्ये बघा: उचलायला दहा-बारा फ्रेम घेतलेल्या असतात आणि खाली यायला एखादीच. वजन त्या फरकातून येतं.

ताणलेले चेहरे आणि जास्तीची बोटं या चुका नाहीत. त्यांना स्मिअर म्हणतात. कॅमेऱ्यात वेगाने जाणारी वस्तू पुसट उमटते, कारण शटर उघडं असताना ती हललेली असते. काढलेलं चित्र मात्र कायम धारदार असतं. हात एका फ्रेममध्ये इथे आणि पुढच्या फ्रेममध्ये दूर तिथे असेल तर डोळ्याला दोन वेगळे हात दिसतात. म्हणून मध्ये एक लांबवलेला हात, किंवा एकाच्या जागी तीन-चार हात, किंवा कोरड्या ब्रशचे फटकारे काढतात. हे चित्र एकच फ्रेम राहतं. दोन-तीन फ्रेम राहिलं तर डोळा ते पकडतो आणि युक्ती उघडी पडते. चांगला स्मिअर ओळखायचा तर ताणलेला आकार हालचालीच्या कमानीवरूनच जातोय का, आणि केसांसारखे गडद भाग आपल्या जागी आहेत का, ते बघा. तसं असेल तर पूर्ण वेगात स्मिअर दिसत नाही, नुसता वेग जाणवतो.

पार्श्वरंग

शिसपेन्सिल यांनी हालचालीचं सांगितलं, मी मागच्या चित्राचं सांगते.

पात्रं सपाट असण्याचं कारण सेल, म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक पत्रा. 1914 च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक पत्र्यावर पात्र काढून ते स्थिर पार्श्वभूमीवर ठेवायची पद्धत आणली. त्याआधी मागचं दृश्यही प्रत्येक कागदावर पुन्हा काढावं लागायचं. सेलच्या पुढच्या बाजूला शाईची रेघ आणि मागच्या बाजूने रंग, असं काम चालायचं. रंग मागून भरल्यामुळे ब्रशचे फटके पुढून दिसत नाहीत आणि पृष्ठभाग एकसारखा येतो. आणि तो एकसारखाच हवा. हजारो चित्रांमध्ये रंगछटेचा पोत हुबेहूब तोच ठेवणं अशक्य असतं. तो प्रत्येक फ्रेमला बदलला तर अंगावर किडे वळवळल्यासारखं दिसेल. पार्श्वभूमी शॉटभर एकच राहते, म्हणून तिथे गवाश (अपारदर्शक जलरंग), जलरंग, ओला ब्रश, हवं ते करता येतं.

याचा एक गमतीचा परिणाम सगळ्यांनी पाहिलेला असतो. भिंतीतला नेमका कोणता दगड आता पडणार, हे आधीच कळतं. पडणारा दगड सेलवर रंगवलेला असतो, त्यामुळे तो आजूबाजूच्या दगडांपेक्षा सपाट दिसतो आणि बहुधा त्याला बाह्यरेषाही असते. मेहनती स्टुडिओत अशा वस्तूवर कोरड्या ब्रशने पोत देत, किंवा तो दगड हलण्याच्या क्षणापर्यंत पार्श्वभूमीतच ठेवून त्या फ्रेमला सेलवर आणत. दुसऱ्या पद्धतीत अदलाबदल होताना रंगात बारीक झटका दिसतो. तो शोधून बघा.

सेल पूर्ण पारदर्शक नसतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रत्येक पत्रा खालचा रंग किंचित मंद आणि पिवळसर करतो. एका शॉटमध्ये एकावर एक चार पत्रे असतील तर तळाच्या पत्र्यावरचा लाल वरच्या पत्र्यावरच्या लालपेक्षा मळकट दिसतो. म्हणून एकाच शर्टासाठी पातळीप्रमाणे वेगळी छटा कालवून ठेवत. आणि शॉटभर पत्र्यांची संख्या सारखी ठेवावी लागायची. एखादं पात्र बाहेर गेलं तरी त्याच्या जागी कोरा सेल टाकत, नाहीतर ते जाताक्षणी सगळं दृश्य उजळायचं. जुन्या मालिकांमध्ये असे झटके दिसतात. तिथे कोरा सेल टाकायचा राहून गेलेला असतो. पात्राभोवती बारीक सावलीची कड दिसली तर वरची काच पत्र्यावर नीट दाबलेली नव्हती.

खोली कशी आणतात तेही पाहा. सपाट चित्राच्या जवळ कॅमेरा नेला की चंद्र आणि झाड एकाच प्रमाणात मोठे होतात. खऱ्या जगात आपण झाडाकडे चाललो तर चंद्र तेवढाच राहतो. मल्टिप्लेन कॅमेऱ्यात काचेच्या पातळ्या एकमेकींपासून अंतरावर ठेवून प्रत्येक वेगळ्या मापाने सरकवत. डिस्नेच्या स्टुडिओने ही रचना 1937 सालच्या "द ओल्ड मिल" या लघुपटात वापरली. तिथे जवळची पातळी फोकसबाहेर जाऊन पुसट होते. ती पुसटता रंगवलेली नसते, भिंगातून आलेली असते.

सावलीही अशीच कॅमेऱ्यात तयार व्हायची. पूर्ण शॉट आधी कमी एक्सपोजरने सावलीच्या काळ्या सेलसकट घेत, मग फिल्म मागे नेऊन उरलेलं एक्सपोजर सावलीच्या सेलशिवाय देत. दोन वेळच्या मिळून सावली अर्धपारदर्शक दिसते, खालची फरशी तिच्यातून जाणवते. फिल्म मागे नेताना एका फ्रेमची जरी चूक झाली तरी सावली पायाच्या मागे किंवा पुढे पडायची आणि शॉट पुन्हा घ्यावा लागायचा.

थांबलेली_फ्रेम

शिसपेन्सिल यांचं पटतं, पण एक पुस्ती. वन्स म्हणजे उत्तम आणि थ्रीज म्हणजे स्वस्त असा तक्ता डोक्यात घेऊन कोणी बसू नका. जपानमध्ये 1963 पासून टीव्हीसाठी दर आठवड्याला भाग काढावे लागले आणि त्यातून थ्रीजवर, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांवर, काम करायची सवय लागली. सुरुवात पैशांच्या आणि वेळेच्या अडचणीतून झाली हे खरं, पण पुढे तिथल्या ॲनिमेटरांनी त्यातून स्वतःची लय काढली. पोझ आठ-दहा फ्रेम घट्ट धरायची, मग दोन-तीन फ्रेम वन्सवर सोडायची, पुन्हा धरायची. एकाच उडीत वन्स, टूज, थ्रीज मिसळलेले सापडतील. सलगपणा मोजू नका. थांबा कुठे घेतलाय आणि तो का घेतलाय, ते बघा. आळसाचा होल्ड (धरून ठेवलेली पोझ) आणि विचारपूर्वक घेतलेला होल्ड यांतला फरक पोझमध्ये असतो. विचारपूर्वक धरलेल्या पोझची नुसती काळी छायाकृती केली तरी पात्र काय करतंय ते कळतं.

निळी_शाई

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. एक शॉट मोजून पाहिला आणि दोन शंका आल्या. पात्र उभं राहून बोलतं तेव्हा चित्र दर दोन फ्रेमला बदलतं, पण ते चालायला लागून कॅमेरा त्याच्याबरोबर सरकू लागला की दर फ्रेमला. चालणं तर सावकाशच आहे, मग वन्स का? आणि ही डीव्हीडीची प्रत आहे. तिच्यात दर पाच फ्रेममधल्या दोन फ्रेमवर आडव्या दातेरी रेघा दिसतात, दोन चित्रं एकात मिसळल्यासारख्या. हे मुळातच तसं आहे का?

शिसपेन्सिल

पहिली शंका बरोबर जागी आली आहे. अशा शॉटमध्ये पात्र फ्रेमच्या मध्यावर जागच्या जागी चालतं आणि पार्श्वभूमी मागे सरकते. जमिनीवर टेकलेला पाय पार्श्वभूमीच्या बरोबरीने मागे जायला हवा. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकतेय आणि पाय दर दोन फ्रेमला, असं असेल तर एक फ्रेम पाय बरोबर बसतो आणि पुढच्या फ्रेमला जमीन त्याच्याखालून निसटते. पडद्यावर पाय बर्फावर घसरल्यासारखे दिसतात आणि सगळं पात्र थरथरतं. पार्श्वभूमीही टूजवर सरकवली तर घसरणं थांबतं, पण खांब, दारं अशा उभ्या कडा धक्के खातात. म्हणून कॅमेरा सरकला की वन्स. स्वस्त कामात पाय फ्रेमच्या खाली ठेवून पात्र कमरेपासून वर दाखवतात. तेही ओळखायला शिका.

चालण्याचा शॉट हाताशी आहेच, तर टाच टेकल्यापासून दुसरी टाच टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 12 म्हणजे साधी चाल, 16 म्हणजे रमतगमत, 8 म्हणजे घाईची. मग कमरेची उंची बघा. टाच टेकल्यानंतर लगेच शरीर खाली बसतं, पाय एकमेकांना ओलांडतात तेव्हा वर येऊ लागतं. जड पात्र खालच्या स्थितीत जास्त फ्रेम रेंगाळतं. ते रेंगाळलं नाही तर चित्रात कितीही लठ्ठ काढलं तरी हलकंच वाटतं.

दातेरी रेघा मुळातल्या नाहीत. अमेरिका आणि जपानकडच्या डीव्हीडीत 24 फ्रेमचं रूपांतर जवळपास 30 मध्ये केलेलं असतं. चार मूळ फ्रेमच्या पाच होतात आणि त्यांतल्या दोन शेजारच्या फ्रेमच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी घेऊन बनतात. व्हीएलसीच्या डी-इंटरलेस मोडमध्ये आयव्हीटीसी निवडा, मूळ 24 परत मिळतील. तसं न करता मोजलेले आकडे चुकणार. युरोपातल्या पाल पद्धतीच्या प्रतीत चित्रपट सरळ 25 फ्रेमने चालवलेला असतो. तिथे मोजणी बरोबर येते, फक्त वेग चार टक्के जास्त आणि आवाज किंचित चढा असतो.

टीव्हीवर बघत असाल तर मोशन स्मूदिंग आधी बंद करा. तो पर्याय दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसवतो. ॲनिमेटरने मुद्दाम ठेवलेली उडी त्यात भरून निघते आणि हातोडा पाण्यात पडल्यासारखा पडतो. 60 फ्रेमच्या "सुधारित" प्रतींचंही तेच. त्या अभ्यासाला घेऊच नका.

रेघोट्या

प्रतीचा विषय निघालाच आहे तर रेघेबद्दल बोलायलाच हवं, कारण वाईट प्रतीत सर्वात आधी तीच मरते.

पूर्वी क्लीन-अप झालेलं, म्हणजे रेघा साफ केलेलं, चित्र शाई करणाऱ्या कलाकार निबाने किंवा बारीक ब्रशने सेलवर पुन्हा गिरवायच्या. त्या रेघा बऱ्याचदा रंगीत असत. गालाची कड तपकिरी, पांढऱ्या कापडाची कड राखाडी. त्यामुळे आकार मऊ दिसतो. 1961 च्या "वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स"मध्ये झेरोग्राफीने, म्हणजे झेरॉक्सच्या तंत्राने, पेन्सिलचं चित्र थेट सेलवर उतरवलं. शेकडो ठिपके हाताने गिरवण्याचे कष्ट वाचले, पण रेघ काळी आणि खरबरीत झाली. काहींना ती ओबडधोबड वाटते. माझ्या मते मिळालं ते जास्त मोलाचं आहे: ॲनिमेटरच्या हाताचा दाब, कुठे पेन्सिल टेकवली, कुठे उचलली, हे त्यात जसंच्या तसं दिसतं. त्या काळातल्या चित्रपटात जलद हालचाली थांबवून बघा, गालाच्या आत, कोपराजवळ न खोडलेल्या बांधणीच्या रेघा सापडतील. 1990 च्या "द रेस्क्युअर्स डाऊन अंडर"पासून डिस्नेच्या चित्रपटांत रेघ आणि रंग दोन्ही संगणकात भरले जाऊ लागले, आणि पातळीप्रमाणे रंग मळकण्याचा प्रश्नच उरला नाही.

आता प्रतीतला धोका. जुनी फिल्म स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर एकाच फ्रेमला दिसणारी गोष्ट म्हणजे धूळ असं धरतं. पण वन्सवरचं प्रत्येक चित्र एकाच फ्रेमला दिसतं. कोरड्या ब्रशचा फटकारा, ठिणगी, पाण्याचा थेंब, हलत्या हाताची बारीक रेघ, हे सगळं धुळीबरोबर पुसलं जातं. तपासायला वेगवान हालचालीच्या फ्रेम घ्या. बोटांच्या रेघा मध्येच तुटलेल्या किंवा अर्ध्या गायब असतील, आणि शेजारच्या फ्रेममध्ये त्या नीट असतील, तर प्रत बिघडवलेली आहे. किंचित दाणेदार दिसणारी प्रत अशा चकचकीत प्रतीपेक्षा कधीही बरी.

ओठांच्या हालचालीचं कोणी लिहिलं नाही. म, प, ब या अक्षरांना ओठ निदान दोन फ्रेम मिटलेले लागतात, एकच फ्रेम मिटले तर डोळ्याला ते कळत नाही आणि पात्र तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं दिसतं. दोन फ्रेमला जागा नसेल तर त्या आधीच्या अक्षराची एक फ्रेम चोरतात. स्वराचं उघडं तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी काढलं की जास्त बरोबर वाटतं. हे सगळं मूळ भाषेच्या आवाजावरच तपासा, डबिंगवर नाही. जपानी कामात आवाज बहुधा चित्रांनंतर ध्वनिमुद्रित करतात आणि तोंडाचे उघडं, अर्धं, मिटलेलं असे तीनच आकार फिरवतात. तिथे अभिनय ओठांत शोधू नका, डोळे, भुवया आणि खांद्यांत शोधा.

थांबलेली_फ्रेम

निळी_शाई, स्पेसिंग डोळ्यात बसवायची असेल तर एक संध्याकाळ चेंडू काढा. साधे 16 कागद, दोन छिद्रांचं पंच मशीन, आणि टेबलाला चिकटपट्टीने चिकटवलेले दोन खिळ्यांसारखे आधार, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसेल. छिद्रं सैल असतील तर चेंडूऐवजी सगळं जग हलेल, म्हणून छिद्राच्या कडा चिकटपट्टीने मजबूत करा.

पहिल्या कागदावर चेंडू वर, नवव्यावर जमिनीला टेकलेला. मधली सात चित्रं वरच्या टोकाला दाटीने आणि खाली येताना लांब लांब. आठव्या चित्रात चेंडू हालचालीच्या दिशेने थोडा लांबट, नवव्यात चपटा, दहाव्यात पुन्हा लांबट. चपटा करताना रुंदी वाढवा, नाहीतर चेंडूतली हवा गेल्यासारखी दिसते. मग वर जाताना उलट क्रम, उंची आधीपेक्षा कमी. मोबाइल स्टँडला लावून, फोकस आणि एक्सपोजर लॉक करून प्रत्येक कागदाचा एक फोटो घ्या आणि कोणत्याही स्टॉप-मोशन ॲपमध्ये सेकंदाला 12 ने चालवा. चेंडू तरंगतोय असं वाटलं तर वरून तिसरं आणि चौथं चित्र बघा, ते खूप खाली आलेलं असेल. खाली आपटताना चिकटल्यासारखा वाटला तर चपटं चित्र दोनदा घेतलं गेलंय.